जुना हातघडणीचा पूल क्यू घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

अमेरिकेत छोट्या वर्कशॉपमध्ये हाताने घडवलेल्या जुन्या पूल क्यूंबद्दल, म्हणजे पूल खेळायच्या काठ्यांबद्दल, वाचकांची बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

पूल बरीच वर्षं खेळतो. आता जुने अमेरिकन क्यू जमवावेसे वाटतात. ‘जुना’ म्हणजे नेमका कोणत्या काळातला, आणि सुरुवात कुणाच्या कामापासून करावी? (ठाणे)

संग्राहकांच्या दृष्टीने खरा रंगतदार काळ १९५० ते १९९०. त्याआधी बाजारात ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर कंपनीचं राज्य होतं. शिकागोचे हर्मन रॅम्बो यांच्यासारखे कारागीर तिथूनच पुढे आले. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये फ्रँक पॅरडाइज आणि जॉर्ज बालाबुश्का, पेनसिल्व्हेनियात गस झँबोटी, शिकागोत बर्टन स्पेन, कॅलिफोर्नियात हार्वी मार्टिन, टॅड कोहारा आणि ‘जिना’ नावाचे क्यू करणारे अर्नी गुटिएरेझ अशी एकट्यादुकट्याने काम करणाऱ्यांची पिढी उभी राहिली. १९६८मध्ये डॅन जेन्स आणि बिल स्ट्राउड यांनी ‘जॉस’ ही क्यू बनवणारी कंपनी सुरू केली.

पहिलाच क्यू बालाबुश्का किंवा झँबोटी यांचा घ्यायला जाऊ नका. तिथे चूक फार महाग पडते आणि नकली मालही तिथेच सर्वांत जास्त असतो. न्यू जर्सीच्या ‘पामर’पासून सुरुवात करा. त्यांचे छापील कॅटलॉग उपलब्ध आहेत, त्यामुळे हातातला क्यू चित्राशी ताडून कोणतं मॉडेल आणि साधारण कोणत्या काळातलं ते ठरवता येतं. बऱ्याच पामर क्यूंच्या बटात (मुठीकडच्या जाड भागात) पारदर्शक खिडकी असते आणि तिच्याखाली नावाची पट्टी, म्हणजे ओळखही सोपी. जॉस, व्हायकिंग आणि म्यूची यांचे सुरुवातीचे क्यूसुद्धा शिकायला उत्तम आहेत. पॉइंट (बटाच्या पुढच्या भागातला टोकदार लाकडी तुकडा) कसा बसवला जातो, मूळ पॉलिश कसं दिसतं, शाफ्ट (टोकाकडचा बारीक भाग) घासून बारीक झाला की हाताला कसा लागतो, हे सगळं अशा चार-पाच क्यूंवर हात फिरल्याशिवाय कळत नाही.

एका इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत) चार पॉइंटचा, पोलादी जॉइंटचा (बट आणि शाफ्टच्या सांध्याचा) क्यू पाहिला. नाव कुठेच नाही. विकणारा म्हणतो बालाबुश्का आहे. कसं तपासू? (एडिसन, न्यू जर्सी)

विकणाऱ्याच्या शब्दाला इथे काडीची किंमत देऊ नका. बालाबुश्का १९१२मध्ये रशियात जन्मले, १९२४मध्ये न्यूयॉर्कला आले, १९५९पासून क्यू करू लागले आणि डिसेंबर १९७५मध्ये वारले. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून हजार-बाराशेच क्यू झाले असं जाणकार मानतात. त्यांच्या नावाने दाखवले जाणारे क्यू त्याहून कितीतरी जास्त आहेत. १९८६च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटात कथेतला क्यू बालाबुश्का असल्याचं दाखवलं, आणि त्यानंतर हे नाव सगळीकडे झालं. प्रत्यक्षात पडद्यावरचा क्यू जॉसने बनवलेला होता. पुढे परवाना घेऊन त्याच नावाचे क्यू कारखान्यातही निघाले. ते वाईट नाहीत, पण त्यांचा आणि जॉर्ज बालाबुश्कांच्या हाताचा संबंध नाही. सुबक छापील सही दिसली की आधी हीच शंका घ्या.

दुसरी मोठी फसगत पॉइंटवरून होते. बालाबुश्का पॉइंटवाला भाग बराच काळ स्वतः कापत नसत. सुरुवातीला त्यांनी ब्रन्सविकचे ‘टायटलिस्ट’ ब्लँक (पॉइंट बसवलेले अर्धवट तयार लाकडी भाग) वापरले, नंतर स्पेन आणि झँबोटी यांच्याकडचे. हेच टायटलिस्ट ब्लँक घेऊन इतरही अनेकांनी क्यू केले, कित्येकांनी तर क्लबमधला एकसंध टायटलिस्ट मधोमध कापून दोन तुकड्यांचा केला. म्हणजे ब्लँकवरून फार तर काळ कळतो, कारागीर कळत नाही. कारागीर कळतो तो त्याने स्वतः केलेल्या भागांवरून: जॉइंटची कॉलर (सांध्यावरचं कडं), रिंगा, बट स्लीव्हवरचं (बटाच्या खालच्या पट्ट्यावरचं) जडावकाम, बटाचा निमुळतेपणा.

तपासणी अशी करा. व्हर्निअर कॅलिपर, १० पटीचं भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि मऊ मोजपट्टी एवढं सोबत न्या. पिनचे (बट आणि शाफ्ट जोडणाऱ्या स्क्रूचे) आटे मोजा. बालाबुश्कांचे बहुतेक क्यू ५/१६ इंच जाडीच्या आणि इंचाला १४ आटे असलेल्या पिनचे आहेत, म्हणजे अर्ध्या इंचात ७ आटे दिसायला हवेत. ९ दिसले तर ती १८ आट्यांची पिन, जी जॉससारख्यांकडे जास्त आढळते. मग पॉइंटची टोकं भिंगाखाली पाहा. व्ही आकाराच्या खाचेत बसवलेला पॉइंट सुईसारखा टोकदार संपतो. टोक किंचित गोलसर असेल तर तो कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राने कोरलेला, म्हणजे १९६०च्या दशकातला असणं शक्य नाही. चारही पॉइंटची उंची जॉइंटपासून मोजा. हातकामात एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून बराच जास्त असेल तर बट नंतर लेथवर चढवून कमी केलेला आहे. खाच टोकाकडे उथळ होत जाते, त्यामुळे लाकूड उतरवलं की पॉइंट आखूड होतो, आणि बट मध्यावर नीट धरला नसेल तर एका बाजूचे जास्त आखूड होतात.

यानंतर नख पोलादी कॉलरवरून लाकडाकडे सरकवा. मूळ स्थितीत दोन्ही एका पातळीत असतात. लाकूड खाली गेल्याची पायरी नखाला लागली तर पॉलिश खरवडून पुन्हा केलेलं आहे, कारण सँडपेपर लाकूड खातो, पोलाद खात नाही.

हे सगळं जुळलं तरी त्यावरून एवढंच ठरतं की क्यू त्या काळातला असू शकतो. नाव लावायचं तर कागद लागतात: मूळ ग्राहकाची पावती, कारागिराचं पत्र, तारीख ठरवता येईल असा फोटो, किंवा या कारागिराचे क्यू वर्षानुवर्षं हाताळलेल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाचं लेखी मत. कागद नसेल तर ‘अनामिक, टायटलिस्ट ब्लँकचा जुना क्यू’ या भावाने मिळत असेल तरच घ्या. त्या भावात तो सुंदर सौदा असू शकतो.

इंटरनेटवरून घेताना क्यू सरळ आहे की नाही हे कसं कळणार? (पुणे)

फोटोवरून कळत नाही, व्हिडिओ मागा. त्यात क्यू तीन वेगवेगळ्या प्रकारे लोळवून दाखवायला सांगा: नुसता बट, नुसता शाफ्ट आणि जोडलेला क्यू. टेबलच्या स्लेटवर, कॅमेरा टेबलच्या पातळीला ठेवून आणि मागे उजेड असावा, म्हणजे क्यूखालची फट दिसते. टेबल स्वतः समतल नसेल तर निष्कर्ष चुकतो, म्हणून तोच व्हिडिओ क्यूची दिशा उलटी करूनही घ्यायला सांगा.

नुसते दोन्ही भाग सरळ आणि जोडल्यावर मात्र टिप (टोकावरचं चामडं) उड्या मारते, असं असेल तर दोष जॉइंटच्या तोंडाशी आहे. तोंड पिनशी काटकोनात नाही किंवा त्यावर मळ साचला आहे. दुसऱ्या शाफ्टवर हाच दोष दिसत नसेल तर बट निर्दोष समजा. शाफ्टचा हलका बाक खेळताना जाणवतही नाही आणि किमतीतही थोडीच घट करतो. बटाचा बाक मात्र गंभीर. तो बहुतेक वेळा रॅपखालच्या (मुठीवरच्या गुंडाळीखालच्या) सांध्यापाशी किंवा पॉइंटच्या पट्ट्यात असतो आणि लाकूड न उतरवता निघत नाही.

फोटोंपैकी हे आवर्जून मागा: शाफ्टच्या कॉलरवरची रिंग आणि बटाच्या कॉलरवरची रिंग शेजारी ठेवून (नक्षी जुळली तर शाफ्ट बहुधा मूळचा), फेरूलपासून (टिपखालच्या टोपीपासून) एक इंच मागे कॅलिपर लावून, आणि बंपर (बटाच्या टोकाचं रबर) काढून बटाचं तोंड. शाफ्टचं माप १३ मिलिमीटरच्या आसपास असावं. १२ असेल तर वर्षानुवर्षं सँडपेपर मारला गेला आहे. दोन्ही मूळ शाफ्ट सोबत असलेल्या क्यूला जास्त किंमत द्यायला हरकत नाही. मूळ शाफ्ट नसेल तर तेवढी ठामपणे कमी करा.

माझ्याकडच्या क्यूचं पॉलिश पिवळं पडून बारीक तडकलंय, दोऱ्याचा रॅप काळा झालाय, शाफ्ट निळा. सगळं नवं करून घेऊ का? (नाशिक)

पॉलिशला हात लावू नका. या एका निर्णयावर तुमच्या क्यूची निम्मी किंमत अवलंबून आहे, आणि एकदा खरवडलं की परत येत नाही. पिवळेपणा आणि बारीक तडे हे जुन्या लॅकरचं वयच आहे, संग्राहक तेच पाहून पैसे मोजतो. अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहा: चपड्याचं पॉलिश नारिंगी झळकतं, नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळट हिरवं. बटाचा एक पट्टा वेगळ्या रंगाचा दिसला तर तिथे कुणीतरी आधीच डागडुजी केली आहे. नवं पॉलिश तेव्हाच करावं, जेव्हा मूळ थर पापुद्र्यांनी निघत असेल आणि लाकूड उघडं पडून ओल घेत असेल. तेव्हाही आधी सर्व बाजूंनी फोटो, मापं आणि वजन लिहून ठेवा.

साफसफाई मात्र करा. बट आधी कोरड्या सुती कपड्याने पुसा. मग कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि एका वेळी हातभर भाग पुसून लगेच कोरडा करा. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांतलं काहीही बटाला लावू नका. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, लॅकर थिनरमध्ये. शेवटी कार्नोबा मेणाचा अगदी पातळ हात.

शाफ्टचा निळेपणा म्हणजे लाकडाच्या छिद्रांत बसलेला खडू. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल घेऊन पटकन पुसा, दोन मिनिटं सुकू द्या, मग साध्या तपकिरी कागदाने जोरात घासून चकाकी आणा. थोडी निळी छटा राहिली तर राहू द्या. ती पूर्ण घालवायची म्हणजे लाकूड घासायचं, आणि ते अजिबात करू नये. शाफ्टवर पोचा असेल तर ओल्या टिश्यूचा छोटा तुकडा त्यावर दहा मिनिटं ठेवा. तंतू फुगून बराचसा वर येतो.

रॅपची गोष्ट वेगळी. आयरिश लिननचा रॅप घाम शोषून काळा होणारच आणि तो बदलणं बाजारात मान्य आहे, फक्त त्याच जातीचा, त्याच रंगाच्या ठिपक्यांचा दोरा हवा. साधारण ३० सेंटिमीटरच्या पट्ट्याला ४५ मीटरच्या आसपास दोरा लागतो. तो लेथवर सलग गुंडाळून, दाबून सपाट केला जातो. इथे घाई झाली की दोन चुका होतात. जुना रॅप ब्लेडने कापताना लाकडाला खाच पडते. आणि नवा दोरा जुन्यापेक्षा जाड असेल तर रॅप खाचेबाहेर फुगतो, मग कारागीर तो बसवण्यासाठी खाच खोल करतो, म्हणजे पुन्हा मूळ लाकूड गेलं. काढलेला जुना दोरा पाकिटात जपून ठेवा. तो पुरावा आहे. चामड्याचा मूळ रॅप असेल आणि शिवण शाबूत असेल तर तो बदलूच नका.

फटका मारला की क्यूमधून ‘खर्रर’ असा आवाज येतो. कशाचा? (गोवा)

वरून खाली शोधत या. टिप आणि फेरूल आधी: फेरूल बोटांत धरून फिरवून पाहा. मग शाफ्ट बदलून मारा. आवाज गेला तर दोष शाफ्टमध्ये, राहिला तर बटात. बट एकटा हातात धरून रबरी बंपरवर तळहाताने ठोका. तिथे आवाज आला तर बंपरचा स्क्रू किंवा आतला वजनाचा बोल्ट ढिला आहे. बंपर काढा, लांब पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने बोल्ट हलकाच आवळा. लाकडात रुतेपर्यंत पिळू नका, बट शेवटाकडून फाटतो.

हे सगळं ठीक असेल आणि आवाज मुठीखालून येत असेल तर संशय रॅपखालच्या सांध्यावर जातो. दोन तुकड्यांत बनवलेल्या बटात पुढचा पॉइंटवाला भाग आणि मूठ तिथे स्क्रू आणि सरसाने जोडलेली असतात. पन्नास वर्षांत सरस सुकून सुटतो. दुरुस्तीसाठी रॅप काढावा लागतोच, आणि हे काम ज्याने आधी असे बट उघडले आहेत त्यालाच द्या. टायटलिस्टसारख्या क्यूत पुढचा भाग आणि मूठ करवतीच्या दातांसारखी एकमेकांत बसवलेली असतात. अशा क्यूत हा जोड नसतोच, त्यामुळे तिथे आवाज बहुधा पिन किंवा बोल्टचाच.

एक इशारा: १४ आट्यांच्या पिनवर १८ आट्यांचा शाफ्ट जोराने बसवू नका. दोन वेढे तो जातो, आणि तेवढ्यात शाफ्टमधले पितळी आटे जातात.

फेरूल हस्तिदंताचं आहे असं वाटतं. क्यू अमेरिकेतून पुण्याला आणायचा आहे. (पुण्याचे, सध्या न्यू जर्सीत)

आणू नका. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही १९९१च्या दुरुस्तीपासून बंद आहे. तिकडे न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया या राज्यांत विक्रीवर स्वतंत्र बंदी आहे आणि २०१६पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी राज्याराज्यांमधली विक्रीही जवळजवळ थांबवली. अपवाद आहेत, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा एक, आणि अगदी थोडा हस्तिदंत असलेल्या वस्तूंचा दुसरा. पण दोन्हींसाठी कागदोपत्री पुरावा तुम्ही द्यायचा असतो. ब्राझिलियन रोझवूडलाही हेच लागू. ते लाकूड १९९२पासून साईटिस या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही, आणि जुन्या क्यूंच्या बटात ते सर्रास सापडतं.

ओळख पटवायची तर भिंगाने फेरूलच्या कापलेल्या तोंडाकडे पाहा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. बाजूने लाटांसारख्या मंद रेषा असतात. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा असतात, प्लास्टिकमध्ये काहीच नसतं किंवा अतिनियमित रेषा असतात. अतिनील उजेडात हस्तिदंत निळसर पांढरं उजळतं, पण काही प्लास्टिकही उजळतात, म्हणून एकट्या टॉर्चवर विसंबू नका. गरम सुई टोचून पाहायचा जुना उपाय तर करूच नका. खरं असो वा खोटं, डाग कायमचा पडतो.

नेण्यासाठी फेरूल बदलून टाकावं का, असंही विचारलंय. क्यू अमेरिकेतच विश्वासू माणसाकडे ठेवणं बरं. ज्या क्यूत हस्तिदंत आणि निषिद्ध लाकूड दोन्ही नाहीत तो आणताना एवढं लक्षात ठेवा की विमानात क्यू हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. कडक पेटीत घालून चेक-इन करा, जॉइंटवर दोन्हीकडे संरक्षक टोप्या लावून.

मुंबईच्या पावसाळ्यात क्यू कसे ठेवावेत? (दादर)

हवेत आर्द्रता ५० टक्के असते तेव्हा लाकडात सुमारे ९ टक्के ओल असते. ती ८५ टक्के झाली की लाकूड १८ टक्क्यांपर्यंत जातं. ही वाढ एकदम आणि एका बाजूने झाली की बाक येतो. म्हणून आर्द्रता थोडी जास्त असली तरी स्थिर असणं महत्त्वाचं. दिवसा एसी, रात्री उघडी खिडकी, हा प्रकार सर्वांत वाईट.

आतल्या भिंतीच्या लाकडी कपाटात, हायग्रोमीटर ठेवून, ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. एका कपाटाला अर्धा किलो रंग बदलणारं सिलिका जेल पुरतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पण ४० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, रिंगा वर उचलल्या जातात आणि जुना सरस तडकतो. क्यू सुटे करून आडवे पूर्ण टेकलेले किंवा सरळ उभे ठेवा, भिंतीला तिरके कधीही नाही. बंद कापडी पिशवी पावसाळ्यात बुरशीचं घर होते. आठवड्यातून एकदा पेटी उघडून हवा द्या, पिनला मशीन ऑइलचा अगदी पुसट हात लावा, शाफ्टच्या लाकडाला तेल लागू देऊ नका. आणि गाडीच्या डिकीत एक दुपारही नको.

आजोबांचा एकसंध क्यू आहे, बटावर ‘बरोज अँड वॉट्स, लंडन’ अशी पट्टी. तुमच्या यादीत हे नाव नाही. (कोल्हापूर)

कारण तो पूलचा नाही, बिलियर्ड्सचा इंग्लिश क्यू आहे, आणि त्याचा संग्रह हे स्वतंत्र क्षेत्र आहे. बरोज अँड वॉट्स ही १८३६मध्ये सुरू झालेली लंडनची कंपनी. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत विलायती टेबलं आणि क्यू येत, त्यामुळे महाराष्ट्रात अमेरिकन क्यूपेक्षा असा क्यू सापडण्याची शक्यता जास्त.

इथे पॉइंटचा नियम उलटा आहे, हे ध्यानात घ्या. इंग्लिश क्यूत एबनीचे पॉइंट वर गोलसर कमानीत संपत असतील तर सांधा हाताने रंध्याने केलेला, करवतीसारखे टोकदार असतील तर यंत्राचा. शाफ्ट बहुधा ॲशचा, तिथले ठळक उभे रेषांचे बाण हा दोष नाही. पट्टीवर खेळाडूचं नाव असेल तर ती सही नसून त्या काळची जाहिरात असते, पण काळ ठरवायला तिचा उपयोग होतो. पट्टी हस्तिदंताची असू शकते, तेव्हा विकण्याआधी वरचं उत्तर वाचा. लांबी कापू नका, नवी टिप लावायची तर ९ ते १० मिलिमीटरची, आणि दुकानदाराने ‘मधून कापून दोन तुकडे करून देतो’ म्हटलं तर क्यू घेऊन घरी या.